तळे खुले आहे म्हणे! मग आपली मुले पाण्यापर्यंत का पोहोचली नाहीत?

‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ सरकारी कचेरीत गोरगरिबांच्या कानावर हल्ली सर्वांत जास्त पडणारे वाक्य हेच. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, जातीचा दाखला असो, जात वैधता असो की रेशनच्या दुकानातला अंगठा असो, उत्तर एकच. पूर्वी ‘साहेब जागेवर नाहीत’ असे सांगत. साहेब निदान हाडामांसाचा माणूस होता. त्याच्या टेबलासमोर ठिय्या देता येत होता, त्याच्या नावाने निवेदन देता येत होते. सर्व्हरसमोर ठिय्या कसा देणार? तो कुठे ठेवला आहे, त्याच्या पोटात काय भरले आहे, त्याची चावी कोणाकडे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून आजचा लेख लिनक्सवर आहे. पॅकेज कसे बांधतात आणि दूरच्या सर्व्हरवर माउसने काम कसे करतात, यावर आहे. काही वाचक लगेच भुवया उंचावतील. भांडुपच्या डोंगरावर पावसाळ्यात दरडीची भीती, उन्हाळ्यात पाण्याची मारामार, तरुण पोरांना नोकरी नाही आणि हे लिनक्स काय घेऊन बसलेत? थांबा. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

ठराव आणि पाणी

लिनक्सवाले अभिमानाने सांगतात की आमचे सॉफ्टवेअर मुक्त आहे. कोणीही घ्यावे, वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, वाटावे. परवान्यात तसे लिहिलेलेच आहे. तिथे जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत, पैसे मागत नाहीत. हे सर्व खरे आहे आणि त्याचे मोल आम्ही कमी करत नाही.

पण आंबेडकरी माणसाला ‘सर्वांसाठी खुले’ हे शब्द ऐकले की एक इतिहास आठवतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असतील, असा तो ठराव होता आणि तो मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पुढे तीन वर्षे किती अस्पृश्य त्या तळ्यावर पाणी प्यायले? एकही धजावला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्यानंतरही सनातन्यांनी तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले, कोर्टकचेऱ्या केल्या. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. खुलेपणा कागदावर लिहिणे वेगळे आणि पाण्यात हात घालणे वेगळे. लिनक्सचा परवाना म्हणजे बोले ठराव आहे. चांगला आहे, आवश्यक आहे, पण ठरावच आहे. आपली मुले अजून काठावर उभी आहेत. त्यांना काठावर कोण थांबवते, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

आधी पॅकेज म्हणजे काय ते पाहू

एलबीएस मार्ग ओलांडून डोंगराकडे निघालो की टेंभीपाडा, तुळशेतपाडा, हनुमान नगर, कोकण नगर अशा वस्त्या लागतात. खिंडीपाड्याच्या बाजूला महापालिकेचे भांडुप संकुल आहे. वैतरणेचे पाणी तिथे येते, गाळले जाते, शुद्ध होते आणि मुंबईच्या मोठ्या भागाला जाते. धरणातले पाणी कोणी थेट नळाला जोडत नाही. मध्ये संकुल लागते, जलवाहिन्या लागतात, झडपा लागतात आणि झडप फिरवणारा चावीवाला लागतो. ज्या डोंगराच्या पायथ्याशी हे सगळे शुद्ध होते, त्याच डोंगरावरच्या घरात नळाला धार येत नाही, हे भांडुपकरांना वेगळे सांगायला नको.

लिनक्सचेही असेच आहे. जगभरातले प्रोग्रामर प्रोग्राम लिहितात, ते धरणातले पाणी. ते जसेच्या तसे आपल्या संगणकात येत नाही. मध्ये डिस्ट्रो असते. डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट ही त्यांची नावे. डिस्ट्रोचे लोक प्रत्येक प्रोग्रामचे गाठोडे बांधतात, त्याला पॅकेज म्हणतात. गाठोड्यात प्रोग्रामच्या फायली असतात आणि वर एक चिठ्ठी असते. नाव काय, आवृत्ती कोणती, हे चालायला आणखी कोणती गाठोडी लागतील, बांधणारा कोण. मग त्यावर डिजिटल सही होते आणि ते रिपॉझिटरीत, म्हणजे सार्वजनिक कोठारात जाते. आपण ‘इन्स्टॉल’ म्हणतो तेव्हा त्या कोठारातून गाठोडे येते, सही तपासली जाते आणि सामान जागच्या जागी लागते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनच्या कोठारात आज ६० हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत आणि ती बांधणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत.

आता प्रश्न विचारा. कोठारात काय येणार, कोणती आवृत्ती येणार, कोणता फॉन्ट आपोआप बसणार, कोणते बटण आधीच चालू असणार, हे कोण ठरवते? गाठोडे बांधणारा ठरवतो. तोच चावीवाला.

एक साधे उदाहरण घ्या. मराठीचा ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त असावा, असे राज्य सरकारने शासन निर्णय काढून ठरवले आहे. पण अनेक संगणकांवर भाषा मराठी निवडली तरी पडद्यावर हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो. फॉन्टमध्ये कधी दोन्ही वळणे असतातही, पण आधी कोणते दिसावे हे बांधणाऱ्याने ठरवलेले असते. ‘ॲ’ हे आपले रोजचे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र जागा मिळवायला २००८ साल उजाडले. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याने दिले आणि तिच्या पुण्यातल्या कार्यालयात भारतीय भाषांचे काम वर्षानुवर्षे चालले. म्हणजे आपल्या मुलाने शाळेत गिरवलेले अक्षर त्याला संगणकावर दिसेल की नाही, हा निर्णय कुठेतरी कोणीतरी माणूस घेतो. तो आकाशातून पडत नाही.

बाबासाहेबांना हे गणित नेमके कळले होते. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. लिहिता येणे पुरेसे नाही, छापखाना आपला हवा, हे चळवळ तिथे शिकली. म्हणूनच पुढे आपल्या छापखान्याचे नाव बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होते. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन रातोरात पाडले गेले, तेव्हा त्या छापखान्यासाठी लोक रस्त्यावर का उतरले, हे ज्याला समजले त्याला पॅकेजिंग समजायला वेळ लागणार नाही. संगणक वापरणे म्हणजे वर्तमानपत्र वाचणे. पॅकेज बांधणे म्हणजे छापखाना चालवणे.

काठावरचे पहारेकरी

पहिला पहारेकरी टर्मिनलचा सोवळेकरी. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात हुकूम टाइप करणे हेच खरे ज्ञान, माउस हातात धरला की विटाळ, असे त्याचे मत असते. नवखा मुलगा विचारतो, ‘सर्व्हरवर काम करायला एखादी खिडकी, एखादे बटण आहे का?’ उत्तर येते, ‘हे तुझ्यासाठी नाही. आधी मॅन्युअल वाच.’ मॅन्युअल इंग्रजीत. पालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ते वाचायला सांगणे म्हणजे ‘आधी संस्कृत शिकून ये, मग पोथीला हात लाव’ असेच झाले. ज्ञानापेक्षा ज्ञानाचा विधी मोठा करून ठेवायचा आणि विधी येत नाही म्हणून माणसाला हाकलायचे, ही युक्ती आम्ही हजारो वर्षे पाहिली आहे.

आणि या सोवळेकऱ्यांना स्वतःच्या पोथीचा इतिहासही ठाऊक नसतो. लिनक्सवर वर्षानुवर्षे चित्रे, खिडक्या दाखवणारी एक्स विंडो यंत्रणा १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जन्मली. प्रोग्राम एका मशीनवर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्या मशीनवर दिसावी, ही सोय तिच्यात जन्मापासून आहे. तेव्हा लिनक्सचाच जन्म व्हायचा होता! सर्व्हरचा कारभार ब्राउझरमधून करू देणारे वेबमिन १९९७ पासून आहे. दूरच्या संगणकाचा अख्खा पडदा आपल्यासमोर आणणारे व्हीएनसी केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९९८ मध्ये मुक्त परवान्याने लोकांना मिळाले. आज कॉकपिट आहे, रेमिना आहे, पॅकेजेस निवडायला सिनॅप्टिक आहे. खिडकीतून सर्व्हर चालवणे ही पळवाट नाही. तो याच घराचा जुना दरवाजा आहे.

दुसरा पहारेकरी गोड बोलतो. तो क्लासवाला. तो सांगतो, ‘आत काय आहे याची तुम्हाला गरजच काय? इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा, सर्टिफिकेट घ्या.’ एमकेसीएल ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली. तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचे किंवा समकक्ष प्रमाणपत्र सरकारी नोकरीच्या जाहिरातीत मागितले जाते. आपल्या वस्तीतली पोरे पोटाला चिमटा काढून ती फी भरतात. शिकवले काय जाते? प्रामुख्याने एका परदेशी कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्याच कंपनीचे ऑफिस. संगणक साक्षरतेच्या नावाने एका दुकानाचा पत्ता पाठ करून घेतला जातो.

पहिला म्हणतो माउस धरणारा नालायक. दुसरा म्हणतो माउस धरता आला की शिक्षण संपले. दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात. परिणाम मात्र एकच. आपला मुलगा, आपली मुलगी बाहेरच.

आमची भूमिका स्पष्ट आहे. माउसने सुरुवात करा, लाजू नका. पण माउसपाशी थांबू नका. खिडकीतून आत शिरा आणि गाठोडी बांधली जातात त्या खोलीपर्यंत जा.

रात्रपाळीची उतरंड

कोणी म्हणेल, आपली मुले आयटीत आहेत की! आहेत. संध्याकाळी भांडुपहून खाडीपलीकडे ऐरोलीला, इकडे पवईला, विक्रोळीला जाणाऱ्या गर्दीत आपली मुले आहेत. रात्रभर ती दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून बसतात. पण कोणत्या पायरीवर? त्या धंद्यात एल-वन, एल-टू, एल-थ्री अशा पायऱ्या असतात. एल-वनने पडद्यावर दिवा लाल झाला का पाहायचे, तिकीट नोंदवायचे, कागदावर लिहिलेल्या पायऱ्या जशाच्या तशा करायच्या, सुटले नाही तर वर पाठवायचे. मुख्य पासवर्ड वरच्या पायरीवर. काय बसवायचे, काय काढायचे, कोणते पॅकेज कसे बांधायचे, हा निर्णय त्याहूनही वर.

कामाच्या पायऱ्या असणे गैर नाही. गैर हे, की खालच्या पायरीवरच्या माणसाला वरच्या कामाचे ज्ञान मिळण्याची वाटच ठेवली जात नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले होते की जातीव्यवस्था केवळ कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच बंद खोल्यांत वाटून टाकते. एल-वनवर पाच वर्षे काढलेला आपला तरुण त्याच खिडकीत तीच बटणे दाबत राहतो आणि कंपनीने ते काम यंत्राला दिले की एका ईमेलवर घरी बसतो. बटण माहीत असलेल्याची जागा दुसरे बटण घेते. गाठोडे बांधता येणाऱ्याचे तसे होत नाही.

‘संगणकाला जात कळत नाही’ हे वाक्य आमच्यासमोर फेकू नका. संगणकाला कळत नसेल, संगणकासमोर बसणाऱ्याला कळते. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को या नेटवर्किंग कंपनीवर दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव केल्याच्या आरोपाचा दावा दाखल केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीय भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला. सातासमुद्रापार ही गरज का पडली असेल, याचा विचार करा.

आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही सगळे आलबेल नाही. डेबियनमध्ये सदस्य व्हायचे तर आधीच्या सदस्याकडून आपल्या डिजिटल चावीवर सही घ्यावी लागते, त्यासाठी ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष भेटण्याची रीत आहे. नियम भेदभावाचा नाही, सुरक्षेसाठी आहे. पण असे सदस्य कुठे भेटतात? संमेलनात, नामांकित कॉलेजात, मोठ्या कंपनीत. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचे जागतिक संमेलन आपल्याच देशात, कोचीत झाले. हनुमान नगरच्या पायऱ्यांवर राहणाऱ्या किती मुलांपर्यंत ती बातमी पोहोचली? बिनपगारी स्वयंसेवा करायला मोकळा वेळ लागतो, स्वतःचा लॅपटॉप लागतो, बसायला शांत कोपरा लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे हे कुठून आणायचे? म्हणून हे काम एकट्यादुकट्याचे नाही, संघटनेचे आहे.

अर्ध्या सेकंदाने काय वाचले

पॅकेज बांधणे किती गंभीर काम आहे, हे २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळले. एक्सझेड नावाचे फायली दाबून लहान करणारे एक छोटे सॉफ्टवेअर आहे. ते सांभाळणारा एकटा, थकलेला स्वयंसेवक. ‘जिआ टॅन’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत करत राहिले, विश्वास कमावला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला.

तो दरवाजा उघडत होता कुठे? एसएसएचमध्ये. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करण्याची ही पद्धत १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलनेन यांनी तयार केली. जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर तिनेच सांभाळले जातात. मूळ एसएसएचला एक्सझेडची गरजच नव्हती. डेबियन, फेडोरा यांनी आपल्या सोयीसाठी पॅकेजमध्ये एक जोड दिली होती, तिच्या मागोमाग एक्सझेड आत आले. म्हणजे फट मूळ प्रोग्रामात नव्हती, गाठोडे बांधताना मारलेल्या गाठीत होती.

हे पकडले कोणी? मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढे त्याच्या लक्षात आले आणि तो खणत गेला. त्याला खणता आले, कारण कोड उघडा होता. बंद पेटीत हे झाले असते तर? आणि ज्याला फक्त ‘हिरवा दिवा, लाल दिवा’ शिकवले आहे, त्याला हा अर्धा सेकंद खटकला असता का? खटकण्यासाठी आत काय चालते हे ठाऊक असावे लागते. आपली मुले अशी खटकणारी व्हावीत, हे आमचे म्हणणे आहे.

दूरचा ताबा ही दुधारी गोष्ट आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’ या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल इशारा दिला होता. समोरचा फोनवर गोड बोलतो, ॲप टाकायला लावतो, एक नंबर विचारतो आणि आपला पडदा त्याच्या हातात जातो. त्याच तंत्राने सर्व्हर दुरुस्त होतो आणि त्याच तंत्राने म्हातारीची पेन्शन लुटली जाते. ज्याला हे तंत्र कळते तो फसत नाही आणि शेजाऱ्यालाही फसू देत नाही.

भांडुपमधून सुरुवात

आता कामाचे बोलू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि नवे प्रोसेसर लागतात. आपल्या विहारांच्या अभ्यासिकांत, मंडळांच्या खोल्यांत, देणगीतून आलेले आठ-दहा वर्षांचे जुने संगणक आहेत. ते आता ‘भंगारात काढा, नवे घ्या’ असे सांगितले जाईल. कशासाठी? यंत्र धडधाकट आहे. चार जीबी रॅमच्या ६४ बिट संगणकावर डेबियन किंवा मिंट, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपसह नीट चालते. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिथे लिनक्स बसवा.

एवढ्यावर थांबलो तर पुन्हा ग्राहकच राहू. म्हणून पुढची पायरी. अभ्यासिकेतल्या चार मुलांनी, त्यात किमान दोन मुली असाव्यात, अभ्यासिकेचे स्वतःचे पॅकेज बांधावे. डेबियनमध्ये रिकामे पॅकेज बांधता येते. त्यात प्रोग्राम नसतो, फक्त यादी असते. लिब्रेऑफिस हवे, मराठी फॉन्ट हवेत, मराठी कळफलक हवा, पीडीएफ वाचक हवा. ‘इक्विव्ह्स’ नावाचे साधन त्यासाठीच आहे. चिठ्ठीत नाव, आवृत्ती, अवलंबून असलेली पॅकेजेस आणि बांधणाऱ्याचे नाव लिहायचे, की गाठोडे तयार. ते एका संगणकावर चालले की दहांवर चालते. भांडुपमध्ये बांधलेले नालासोपाऱ्यातल्या अभ्यासिकेतही चालते. ‘बांधणारा’ या रकान्यात आपल्या वस्तीतल्या मुलीचे नाव लिहिले जाणे, ही लहान गोष्ट नाही. त्या रकान्यासमोर आपण आजवर आलोच नव्हतो.

तिसरी पायरी दूरच्या ताब्याची. दहा ठिकाणचे संगणक सांभाळायला दहा ठिकाणी पळायची गरज नाही. एक मुलगी भांडुपमध्ये बसून रेमिनाच्या खिडकीतून ते सांभाळू शकते. पण नियम पाळायचा. साध्या व्हीएनसीचा पासवर्ड आठच अक्षरे मोजतो आणि पडद्याची माहिती उघडी धावते. म्हणून व्हीएनसीचे ५९०० किंवा आरडीपीचे ३३८९ हे दार इंटरनेटवर सताड उघडे ठेवायचे नाही. आधी एसएसएचचा बोगदा, पासवर्डऐवजी चावीची फाइल आणि त्या बोगद्यातून पडदा. इथे माउस आणि टर्मिनल दोघे एकत्र नांदतात. सोवळेकऱ्यांचे भांडण त्यांच्यापाशी राहू द्या.

शिकायचे कुठे? भांडुपच्या डोंगरापलीकडे पवई आहे, तिथे आयआयटी मुंबई आहे. तिथल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात उपलब्ध केले आहेत. फुकट आहेत, सरकारी पैशातून झालेले आहेत, म्हणजे आपलेच आहेत. घ्या, वापरा. डोंगर तोच आहे, उतार दोन बाजूंना आहे.

सरकारला चार शब्द

केंद्र सरकारने २०१५ मध्ये धोरण जाहीर केले की सरकारी यंत्रणांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे. सी-डॅकने डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय डिस्ट्रो २००७ मध्येच आणली होती. केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केले, पुढे सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या, शाळांसाठी स्वतःची डिस्ट्रो बांधली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले. तिथले सरकार गाठोडे स्वतः बांधू शकते, तर फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणारा महाराष्ट्र का नाही?

तमिळनाडूत २००६ मध्ये एल्कॉट या सरकारी कंपनीची सूत्रे सी. उमाशंकर या दलित आयएएस अधिकाऱ्याकडे आली. त्यांनी कंपनीचे संगणक लिनक्सवर नेले आणि सरकारी खरेदीत लिनक्सला जागा मिळवून दिली. जुलै २०१० मध्ये, जातीचा दाखला खोटा असल्याच्या आरोपावरून, त्यांना निलंबित केले गेले. दलित पक्ष-संघटनांनी आवाज उठवल्यावर ऑगस्टमध्ये ते निलंबन मागे घ्यावे लागले. लिनक्समुळे निलंबन झाले असे आम्ही म्हणत नाही. पण देशात सरकारी पातळीवर लिनक्सचा झेंडा हाती घेणाऱ्या आघाडीच्या अधिकाऱ्यांत एक दलित होता, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे. ‘हे आपल्या लोकांचे काम नव्हे’ असे कोणी म्हणाले तर हे नाव सांगा.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. नोकरीसाठी मागितल्या जाणाऱ्या संगणक प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम एका कंपनीच्या मालावर बेतलेला नसावा. परीक्षा लिब्रेऑफिसवर देण्याची मुभा असावी. महापालिका शाळांच्या संगणकांवर नव्या परवान्यांचा खर्च करण्यापूर्वी लिनक्सचा पर्याय जाहीरपणे तपासावा. आणि जनतेच्या पैशातून बांधलेल्या पोर्टलचा कोड जनतेला पाहता यावा.

शेवटी दोन आक्षेप

‘नोकरी विंडोजवर मिळते, लिनक्सवर नाही.’ टेबलावरच्या संगणकापुरते हे बरेचसे खरे आहे. पण नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे. टायपिंगची नोकरी विंडोजवर असेल, सर्व्हरच्या चावीची नोकरी बहुतांशी लिनक्सवर आहे. आपण मुलांना कोणत्या नोकरीसाठी तयार करतो आहोत?

‘आरक्षण, अत्याचार, खासगीकरण हे प्रश्न सोडून हे कशाला?’ सोडून नव्हे, त्यांच्यासोबतच. शिष्यवृत्ती सर्व्हरवर गेली, जात वैधता सर्व्हरवर गेली, रेशन सर्व्हरवर गेले, नोकरभरतीची परीक्षा सर्व्हरवर गेली. हक्काचे पाणी आता या तळ्यात साठवले जाते आहे. तळे दुसऱ्याच्या ताब्यात ठेवून हक्कासाठी लढणार कसे?

बाबासाहेबांनी महाडला निघताना चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार आहोत, असे कोणाला सांगितले नव्हते. प्रश्न माणूस म्हणून बरोबरीने काठावर उतरण्याचा होता. लिनक्सचे पाणीही अमृत नाही. त्यातही गाळ आहे, चोरदरवाजे आहेत, सोवळेकरी आहेत. पण ठराव झालेला आहे आणि यावेळी काठावर काठ्या घेऊन कोणी उभे नाही. तेव्हा येत्या रविवारी आपल्या विहारातला एक जुना संगणक झटकून पुसा, पोरापोरींना भोवती बसवा आणि पहिले गाठोडे बांधा.

जय भीम! जय भारत!